रकाना सतरा

नोव्हेंबरात तळं शिशाच्या रंगाचं होतं
आणि फ्रीसलंडमधली आमची शिडाची शाळा
होड्या पालथ्या घालून झोपी जाते.
तेव्हा मी लिहायला घेतला हा प्रोग्रॅम,
वल्ह्यांच्या खोलीत, रॉकेलच्या शेगडीपाशी,
बोटं कापलेले हातमोजे घालून.

कारण साधं होतं: वह्या भिजायच्या.
दर उन्हाळ्यात दोनशे मुलं, चार इयत्ता,
प्रत्येक नावापुढे बारीक बारीक खुणा —
शीड आखडता येतं, वाऱ्याच्या तोंडावर वळता येतं,
पाण्यात पडलेल्याला वळसा घेऊन उचलता येतं —
आणि ऑगस्टअखेर शाईचे नुसते निळे ढग.
हिड्डे वियार्डाला आम्ही
एकच डिप्लोमा दोनदा दिला,
त्याच्या बहिणीला एकदाही नाही.
ती अजून बोलत नाही माझ्याशी.

प्रोग्रॅम मी उघडा ठेवला.
कुणीही वाचावा, दुरुस्त करावा, घरी न्यावा.
पहिली दुरुस्ती आली फिनलंडच्या एका बंदरातून:
तुमच्या तारखांना एकोणतीस फेब्रुवारी माहीत नाही.
दुसरी पोर्तुगालहून:
आडनाव चार शब्दांचं असलं की शेवटचा बुडतो.
बुडालेली आडनावं मी एकेक करून वर काढली.

मार्चमध्ये त्येर्ड आला.
दहाव्या वर्षी माझ्या हातात दोर देणारा,
सदतीस उन्हाळे डिप्लोम्यांवर सही करणारा;
सहीचं पहिलं अक्षर नांगरासारखं.
त्यानं चष्मा कपाळावर नेला, एका बोटानं
एका मुलीचं नाव टाइप केलं, खुणा केल्या,
आणि रकाना सतराशी पडदा लाल झाला:
शिक्षकाचा स्वतःचा डिप्लोमा क्रमांक.

माझ्याकडे नाही, तो म्हणाला.
हरवला?
नव्हताच कधी.
आमच्या वेळी बाप होडी ढकलून द्यायचा.
जेवणाच्या आत परत आलास तर पास.

शेगडी फुरफुरली.
एक ओळ होती ती. माझीच.
पुसायला चार सेकंद.
किंवा त्याच्यापुरती एक फट:
नाव त्येर्ड असेल तर जाऊ दे.
पण उघड्या घरात फट लपत नाही.
फिनलंडचा तो माणूस उद्या विचारेल, त्येर्ड कोण?
मी काय सांगू? की माझ्या हातातल्या दोराला
अजून त्याच्याच हाताची सवय आहे?

वारा पाहून पाठ द्यावी म्हणतात.
त्येर्डनं दिली नाही.
मग घे परीक्षा, म्हणाला.

एप्रिलमधला मंगळवार.
वारा प्यालेल्या वासरासारखं तळं.
मी पुढे, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत टॅबलेट,
आणि सुकाणूशी माझा अडुसष्ट वर्षांचा विद्यार्थी,
गुडघा दुखतोय हे लपवत.
सगळं आलं त्याला. न येऊन सांगतो कुणाला?
बुडता माणूस म्हणून आम्ही टाकतो तो रबरी गोळा
त्यानं असा उचलला,
जसा शेजाऱ्याचा पडलेला रुमाल.
गाठ मात्र डावीकडून मारली,
पुस्तकात नाही तशी.
मी ओढून पाहिली. घट्ट.
सोडून पाहिली. सुटली.
पुस्तकाप्रमाणे चूक.
मी खूण केली नाही. तो बघत होता.
बरोबर आहे, म्हणाला. मीही नसती केली.

मग धक्क्याला लागेपर्यंत
ती उजवीकडून मारत राहिला, ओठ मिटून,
आधी शिव्या देत फ्रीसियनमध्ये, मग न देता.
किती वेळा ते मी मोजलं नाही.
जमली.

आता रकाना सतरात त्याचा क्रमांक आहे,
प्रोग्रॅमनं ओळीनं दिलेला,
हिड्डेच्या बहिणीच्या लगेच पुढचा.

त्या ओळीच्या डोक्यावर मी एक टीप ठेवली आहे,
यंत्र ओलांडून जातं तसली, फक्त माणसांसाठी:
गाठ डावीकडूनही बसते. ओढून पाहिली आहे.

फिनलंडहून अजून कुणी
ती दुरुस्त केलेली नाही.