प चा फ

नेलिदा उगार्तेच्या मुठीत मावतं ते मोजयंत्र,
कडांचं निकेल उडालेलं,
अंगठ्याच्या जागी गुळगुळीत.
दाबलं की टक्. एक पिल्लू.
तेवीस ऑक्टोबर तिने असे मोजले
पातागोनियाच्या या गोटाळ काठावर,
जिथे वारा कुणाचं वाक्य पुरं होऊ देत नाही
आणि हत्ती-सीलच्या माद्या पसरलेल्या असतात
कुणी ट्रक रिकामा करून पोती टाकून गेल्यासारख्या.

यंदा ती मेलेली पिल्लं मोजते आहे.
यंत्राला फरक कळत नाही.
टक्.
टक्.

मागून ओस्मार, पांढऱ्या अंगरख्यात,
हातमोज्यांवर हातमोजे,
प्रत्येक नाकपुडीत कापसाची काडी फिरवतो.
नळी, झाकण, क्रमांक.
एक मादी आपल्या पिल्लाला नाकाने ढकलते आहे,
ढकलते, थांबते, वास घेते, ढकलते.
दोघं तिला लांबून वळसा घालतात.
तिचा आकडा पिल्लाच्या रकान्यात पडतो,
तिच्यासाठी रकाना नाही.

महिन्याने प्रयोगशाळेतून कागद येतो.
चारच अक्षरं, साडेतेरा हजार वेळा,
आठ तुकड्यांत.
ही पोथी उतरवणारा कारकून घाईचा,
चष्मा घरी विसरलेला,
आणि उतरवलेलं ताडून बघायला मागे कुणी नाही.
बहुतेक चुका जागच्या जागी मरतात.
काना पडला, शब्द गेला, संपलं.
पण ढिगाने नकला निघतात तेव्हा
एखादी चूक वाचता येते.
आपल्या लिपीत सांगायचं तर
प च्या पाठीला एक शेपटी फुटते
आणि 'पर' होता तिथे 'फर' होतं.
तेवढ्यावर भागतं.

उत्तरेच्या बदकांच्या आतड्यात तो निमूट राहिला असेल,
पाहुण्यासारखा, ताटाखाली पाणी न सांडता.
मग खुराडी. एकाला एक चिकटलेल्या हजारो कोंबड्या,
हजारो कारकून, एकच रात्र.
मग पुन्हा आकाश.
पेरूच्या किनाऱ्यावर पेलिकन चोची वाळूत खुपसून पडले,
चिलीत समुद्रसिंह,
खंडाचं टोक वळून तो इकडे वर आला.
आला म्हणायचं आपण.
त्याला कुठे यायचं नव्हतं.
दारं उघडी होती, आणि
दारांमागे दारं.

गाडीत काचा वर करून दोघं बसतात.
भोपळ्याच्या वाटीत हिरवा कढत काढा,
धातूची एक नळी, तीच सगळ्यांच्या ओठांतून फिरायची.
त्याला हे लोक 'माते' म्हणतात.
मला दर वेळी कुणी हाक मारल्यासारखं वाटतं.
वीस वर्षं यांची वाटी एकच होती,
रुसवे असले तरी नळी पुसून पुढे करायची नाही,
पुसणं म्हणजे अपमान.
आता ओस्मारच्या पिशवीत दोन वाट्या असतात.
तो खोकतो. धूळ, म्हणतो.
ती मान हलवते
आणि आपल्या बाजूची काच
चार बोटं खाली घेते.

घरी दाराबाहेर बूट औषधाच्या पाण्यात.
कुत्र्याला जवळ येऊ देत नाही,
तो पायरीवर बसून शेपटीने विचारत राहतो.
नातू फोनवर शिंकतो तर
ती फोन कानापासून लांब धरते,
मग आपलंच हसू येतं तिला,
मग येत नाही.

पुढचा ऑक्टोबर.
किनारा इतका रिकामा
की गोटे गोट्यांवर घासल्याचं ऐकू येतं.
पार टोकाला एक मादी,
तिच्या बगलेत काळं, ओलं, भुंकणारं काहीतरी.
मोजयंत्रावर मागच्या वर्षीचा आकडा तसाच आहे,
बाजूची किल्ली फिरवून शून्यावर आणायचा राहिलेला.
ओस्मार म्हणतो, आधी पुसून घे ना.
वाऱ्यात ऐकू आलं नसावं.
तिचा अंगठा त्या आकड्यावरच
एक जिवंत
चढवतो.