फुगवटा

दोन ग्रॅम माती. शंभर मिलिलिटर पाणी. काचेची उंच नळी.
चिमूट चिमूट सोडायची वरून,
एक चिमूट बुडाली की दहा मिनिटं थांबायचं
आणि खिडकीबाहेर बघायचं:
ग्रेबुलच्या टेकड्या, राखाडी, मधेच जांभळट,
झाड म्हणाल तर एक नाही, नुसतं सेजब्रश.

दुसऱ्या दिवशी आकडा वाचायचा.
अठ्ठावीस आला तर माती तेलविहिरीची,
ड्रिलला वंगण, भोकाच्या भिंतीला लिंपण.
थोडा कमी आला तर ओतशाळेची,
साच्यातली वाळू मुठीत धरायला,
नाहीतर तळ्याच्या तळाशी, गळती अडवायला.
उरलेली मांजरांच्या शी-शूला.
लॉरेल शेजारच्या टेबलावरून म्हणते,
"आपण दोघी अर्ध्या अमेरिकेची मांजरं सांभाळतो."

ही आमची सोडियमची.
पाणी दिसलं की लग्नघरासारखी फुगते.
मिसिसिपीहून येते ती कॅल्शियमची,
नळीच्या तळाशी नऊ-दहावर बसून राहते,
पण तेल, रंग, दुसऱ्याचा डाग
मुकाट पोटात घेते.
तिचीच कुणी चुलत बहीण
आमच्याकडे मुलतानी म्हणून पुडीत मिळायची.
आत्या तोंडाला लेप लावून आम्हाला दटावायची,
मला हसवू नका गं,
भेगा पडतील.

ऑरिन टेस्डॉलने एकतीस वर्षं इथे स्क्रेपर चालवला.
मार्चमध्ये तो लॅबच्या दारात उभा राहिला,
शर्ट अंगात घातलेला नव्हे, वाळत घातलेला.
हातात बरणी, बिलिंग्जच्या दुकानातली,
लेबलावर हिरवं पान,
'आतून शुद्ध करणारी माती'. बावीस डॉलर.
"बघ ना, चांगली आहे का."
डॉक्टर काय म्हणाले ते त्याने सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.

पाळी संपल्यावर नळी लावली.
चिमूट चिमूट, रात्री साडेनऊपर्यंत.
दुसऱ्या दिवशी अठ्ठावीस.
आपलीच. तीन नंबरच्या खड्ड्यातली असेल,
कदाचित त्यानेच उकरलेली,
टनाच्या भावाने गेली होती,
चमच्याच्या भावाने परत आली.

मी त्याला सांगायला लागले:
खाजेवर लावतात, घोड्याच्या सुजल्या पायाला बांधतात,
एखाद्या विषालाही ती वाटेत अडवते,
पण ऑरिन, तिला विष आणि औषध वेगळं कळत नाही,
हाताला लागेल ते धरते.
गोळ्यांवर ही पिऊ नकोस.
प्यायचीच नसली तर उत्तम.
तो बरणी उजेडात धरून बघत होता.
"म्हणजे चांगली आहे."
"माती चांगली आहे," मी म्हटलं.
यापुढे काय बोलायचं ते मला
इंग्रजीत आलं नाही.
मराठीतही आलं नसतं.

मे महिन्यात गेला.
दोन दिवस पाऊस लागून राहिला होता,
दफनभूमी वरच्या पठारावर, रस्ता कच्चा,
म्हणजे सगळा हिचाच.
शवपेटीची गाडी निम्म्यात थांबली,
चाकांवर माती चढत चढत चाकंच दिसेनात.
लॉरेलचा भाऊ ट्रॅक्टर आणायला गेला.
आम्ही काळ्या कपड्यांत कडेला उभे,
एकेका बुटाला किलोभर ओझं,
पाय उचलला की बूट मागेच.

त्याची बायको विल्मा खाली वाकली,
बोटावर जरा माती घेतली, चोळली,
अंगठ्याने ताणून बघितली,
खाणीवर सगळे बघतात तशी,
आणि म्हणाली,
"पहिल्या प्रतीची आहे.
याला पैसे मिळाले असते."

आधी कुणीतरी नाकातून हसलं.
मग पाद्री. मग सगळेच,
पावसात, पेटीच्या बाजूला, पोट धरून.
मी पटकन गालाला हात लावून बघितला.

ट्रॅक्टर यायला पाऊण तास लागला.