वजाबाकी

शौकत होडेकर सेट काखेत मारून दुकानात आला,
म्हणाला, कुलूप लाव याला.
बांगडा कुठे लागला ते मी एकट्या रुकय्याला सांगतो
आणि तासाभरात तिथे
अख्खं साखरीनाटं.

मी म्हटलं, कुलूप आलं की किल्ली आली.
किल्ली खलाशाला कळते,
खलाशी पुढच्या मोसमात दुसऱ्याच्या लाँचवर.
त्यापेक्षा हवेलाच विचारू.
हवा सगळ्यांची, पण सगळीकडे सारखी नाही.
आंबोळगडच्या कड्याआड ती बहिरी होते.
सरळ आलेला शब्द आणि पाण्यावरून उडून आलेला तोच शब्द
कुठे एकमेकांना उचलून धरतात,
कुठे खाऊन टाकतात.

मग रुकय्याच्या कौलांवर दुसरा सेट बसवला.
बाप बोलायला लागला की तो नुसता खरखरणार.
जेट्टीवर कान लावणाऱ्याला वाटावं
ओला बोंबील तापल्या तेलात पडला.
तिला मात्र ती खरखर पाठ,
तिचीच ती, कण न् कण;
आलेल्यातून आपली वजा केली
की खाली बाप उरतो:
बावीस वाव. पाणी हिरवं. बर्फ भरून ठेव.

एकच अट घातली होती मी.
चॅनल सामायिक आहे, आपल्या बावाचा नाही.
दुसरा कुणी बोलला की गप्प बसायचं.
बहुतेक रात्री तिने पाळलीही.

नोव्हेंबरात एकदा
बाप बोलून थांबला, खरखर थांबायची होती अजून,
आणि वजा करूनही काहीतरी उरलं.
बारीक. तुटक. बापाचं नव्हे.
मजीद पावसकर,
तीन वर्षं त्यांच्या जाळ्यामागे जाळं टाकणारा मजीद:
पंखा गेला… पाणी चढतंय… कोण आहे का…

बंदरात साठेक सेट चालू होते.
साठांतही तिचा बोंबील तळला जात होता.
ऐकू आलं फक्त तिला,
जिने ते बुजवलं होतं.

तिने खरखर तोडली,
आणि पूर्ण जोरात, उघड्यावर,
बावा, तुझ्या उत्तरेला, दोन मैल, मजीदचाचा!
मग जागा सांगितली दोघांची,
बावीस वाव, हिरवं पाणी, सगळं.

पहाटे दोन लाँच एका दोराने आल्या.
संध्याकाळी त्या पाण्यात चाळीस होत्या.

शौकतने सेट परत माझ्या टेबलावर ठेवला.
खरखर जरा कमी कर, म्हणाला.
इतकी, की बांगडा लपेल,
माणूस नाही.

असं बटण कुठल्याच सेटला नसतं.
मी पेचकस शोधला,
आणि मागचे चार स्क्रू काढायला घेतले.