कॅप्सूल वाचताना

इलियास परकार, वय एकेचाळीस.
सुहार बंदरावर कंटेनर मोजतो.
तक्रार : तोंड लाल होतं.

चार वर्षं होत होतं.
फोरमन म्हणाला, ऊन.
खोलीतले म्हणाले, चोरून घेतो हा,
आणि ज्यानं थेंब कधी ओठाला लावला नाही
तो भांडायलाही थांबला नाही,
संडास गाठायचा होता.
एका डॉक्टरानं ॲलर्जीच्या गोळ्या दिल्या, एकानं मनाच्या.
तिसरा म्हणाला, मेसचं तेल बदला.
दुर्बीण वरून गेली, खालून गेली,
दोन्हीकडून हात हलवत परत आली.
मधले सहा मीटर कुणाच्याच हद्दीत नव्हते.

मग त्यानं कॅमेरा गिळला,
जांभळाच्या बीएवढा,
आणि कमरेला पट्टा बांधून दिवसभर बाकावर बसला.
रात्री मी, एसीच्या घरघरीत,
त्याच्या आत उतरले.

गुलाबी. ओलं. भरतीत शेवाळ हलावं तशी
हलणारी लव.
पित्त. बुडबुडे. टोमॅटोचं साल.
पुन्हा गुलाबी.
दोनदा चहा झाला. एकदा डुलकी लागली,
तेवढा भाग मागे जाऊन पुन्हा पाहिला.
रिपोर्टात हे लिहीत नाहीत.

पाच तास अकरा मिनिटं.
शेवटच्या वळणाअलीकडे
अस्तराखाली मटाराएवढा फुगवटा,
पिवळसर, गुळगुळीत,
माथ्यावर एक खळगा.
दिसायला इतका गरीब, की मी दोनदा पुढे गेले
आणि दोनदा परत आले.

पुढचं मस्कतला झालं.
स्कॅनमध्ये यकृतावर दोन ठिपके लुकलुकले.
सर्जननं दोन फूट आतडं काढलं.
म्हणाले, हा घाई करत नाही,
वर्षानुवर्षं बसून रक्तात आपला माल सोडतो.
ठिपक्यांसाठी आता दर अठ्ठावीस दिवसांनी
एक जाड इंजेक्शन,
विमा आहे तोवर. व्हिसा आहे तोवर.

जवळच्याला आपण आतड्याचं माणूस म्हणतो.
मी त्याचं आतडं इंच इंच पाहिलं,
त्याला मुलं किती, ठाऊक नाही.

काल तो खालच्या मजल्यावर इंजेक्शनला आला होता.
नर्सला सांगत होता,
सहा जणांच्या फ्रिजात, सुरमईच्या डब्याशेजारी
हा खोका ठेवावा लागतो,
म्हणून बाबूकुट्टीनं त्यावर मल्याळममध्ये लिहिलंय,
खायचं नाही.
स्वतःच हसला.
सावळा निघाला की हा.
चेहरा मी
पहिल्यांदाच पाहत होते.