आठवा तास, मराठी

मंगळवार पेठेतल्या ह्या शाळेत
माझा तास शेवटचा,
वर्कशॉपनंतर.
मुलं येतात ती तेलकट, नखांत लोखंडाचा कीस,
आणि बाकावर टेकल्या टेकल्या
अर्ध्या वर्गाचे डोळे मिटायला लागतात.
मी फळ्यावर लिहिते : आत्मवृत्त.
नदीचं लिहा, वडाचं, फाटक्या पुस्तकाचं.
परीक्षेला हेच येतं.

खालून कानशींचा खरखराट थांबलेला नसतो.
ढमढेरे सर नववीच्या पोरांना सोडत नाहीत
गुण्या लागेपर्यंत.
ठोकळ्याला गुण्या टेकवून ते खिडकीकडे धरतात,
एक डोळा बारीक करून म्हणतात,
उजेड दिसतोय. परत घास.
उजेड दिसणं ही चूक असते
असं शिकवणारा दुसरा मास्तर
मी तरी पाहिला नाही.

अफसाना मणियारची वही शनिवारी रात्री उघडली.
फिटिंगला तीन मुली, त्यांतली एक.
घरी बांगड्यांचं दुकान
आणि वर्कशॉपच्या दारात
बांगड्या उतरवून डब्यात ठेवायचा नियम.
तिनं नदी घेतली नव्हती.

'मी कानस. मला जुन्या बाजारातून
चाळीस रुपयांना आणलं.
मुठ वेगळी घ्यावी लागली.
मला दात आहेत.
पुढे जाताना माझ्यावर जोर द्या,
मागे येताना देऊ नका,
नाहीतर मी बोथट होईन
आणि सर तुम्हाला ओरडतील.'

एवढंच. मी दीड पान सांगितलं होतं.

लाल पेनानं 'मु' दीर्घ केला.
समासात लिहिलं : त्रोटक. शेवट हवा.
मग कागद उलटा धरला तर
माझी अक्षरं मागच्या बाजूला उमटलेली,
बोटाला लागत होती.

हृषीकेश पायगुडे आठवला.
त्याच्या वहीत त्याच्यापेक्षा माझंच जास्त असायचं.
दहावीच्या फॉर्मआधी यायचा बंद झाला.
गेल्या महिन्यात पीएमटीच्या थांब्यावर भेटला,
हसला, म्हणाला, बाई, भोसरीला आहे, सीएनसीवर.
नंबर दे म्हटलं, कागद-पेन पुढे केलं.
त्यानं हात खिशातच ठेवले
आणि दहा आकडे तोंडी सांगितले,
सावकाश,
मला उतरवून घेता येतील असे.

सोमवारी वही परत दिली.
अफसाना शेरा वाचत उभी राहिली, बराच वेळ.
'बाई, शेवट काय लिहू?
कानस चालू आहे अजून.'

बस, म्हटलं.
बघते.
वहीच्या घडीतला कीस झटकायला गेले
तर तो बोटालाच चिकटला,
आणि खाली ढमढेरे सर कुणाला तरी म्हणाले,
परत.