गोंगाटाची नोंद

कुरेसारेच्या दवाखान्यात त्रीनू नावाची मुलगी
एंडेलच्या छातीवर चकती ठेवते
आणि पडद्यावर त्याचा अख्खा हिवाळा वाचते.
मी त्याचा कोट मांडीवर घेऊन.

"अकरा फेब्रुवारी, रात्री दोन वाजून दहा मिनिटं. गोंगाट.
बाराला पुन्हा. चौदाला तीनदा.
काय करत होतात?"
एंडेल खिडकीबाहेर बघतो,
गणवेशातली माणसं दारात आली की
पूर्वी बघायचा तसा.

रेडिओ विकला, असं मला सांगितलं होतं.

त्रीनू समजावते, मी बहिरी असल्यासारखी, सावकाश:
हा पेसमेकर बोलण्याआधी ऐकतो.
हृदय आपणहून बोललं तर हा गप्प.
पण शेजारी मोठी लहर उठली
तर त्याला वाटतं, हृदयच बोललं,
आणि भिडस्त पाहुण्यासारखा थांबून राहतो.
तेव्हा आत कोणीच बोलत नसतं.

"किती वेळ?"
"दोन सेकंद. एकदा तीन."

तीन सेकंद मला माहीत आहेत.
समुद्रावरच्या बर्फाच्या रस्त्यात चाकाखाली तडा जातो,
आणि गाडी पुढे जाणार की खाली,
ते ठरायला इतकाच वेळ लागतो.

परतताना गाडी मी चालवली.
"कोणाशी बोलत होतास?"
"वेल्लोला हाक देत होतो."
वेल्लोला जाऊन नऊ वर्षं झाली.
एखादी बाई असती तर भांडता आलं असतं.
"मग? उत्तर?"
"वेड्यासारखं विचारू नकोस, लेइडा."
बऱ्याच वेळानं, जुनिपरची झुडपं संपल्यावर:
"पण आकाश इतकं मोकळं होतं."

घरी येऊन मी कपड्यांची दोरी सोडली, अंतर मोजलं.
सगळं सामान अंगणापलीकडे,
मासे धुरवायच्या खोपटात नेलं. अँटेना त्याच्याही मागे.
हाताखाली दाबायची ती कळ वेगळी,
छातीत उठते ती वेगळी,
एवढं या माणसाला एकाहत्तराव्या वर्षी शिकवायचं!

आता कळेवर मी बसते.
तो स्वयंपाकघरात. खिडकी उघडी, थंडी असली तरी.
मी चुकले की चमच्यानं काचेवर ठोकतो:
टिंब, रेघ, टिंब.

काल ठोकणं मध्येच थांबलं.
मी बोट उचललं.
एक. दोन.

"रेघ लांब धर!" तो ओरडला.
"वेल्लोला असलं तुटक कळायचं नाही."