निसरडं पाणी

बाहिया ब्लांकाहून निघाले तेव्हा अंधार होता.
मागच्या सीटवर नमुन्यांची पेटी,
पट्टा लावून बसवलेली, लहान मुलासारखी.
सहाशे किलोमीटर वारा.
नेउकेन ओलांडलं की पॉपलरच्या रांगा विरळ होतात
आणि वाळूचे ट्रक सुरू होतात.

इथल्या खडकाचं नाव वाका मुएर्ता.
म्हणजे मेलेली गाय.
कोणाची, कधी मेली,
सात जणांना विचारा, सात गोष्टी निघतील.
तीन किलोमीटर खाली ती पडलीय
कुठल्याशा समुद्राचा गाळ पोटात घेऊन,
आणि वर सगळे चरव्या घेऊन उभे.

मी दूध काढत नाही.
मी आचळांना लावायचं तेल विकते.
पांढरी पूड, पंचवीस किलोची पोती,
हजार भाग पाण्याला एक भागसुद्धा नको:
पाणी पाइपशी भांडायचं थांबतं,
पंप कमी घरघरतात, डिझेल वाचतं,
खडक लवकर फुटतो.
याला आमच्या माहितीपत्रकात 'संधी' म्हणतात.
पान चारवर आलेख आहे. वर जाणारा.

बाबा खाडीकाठच्या कारखान्यात होते,
जिथे या गाईचा वायू नळानं पोचतो
आणि दाणे होऊन बाहेर पडतो.
संध्याकाळी त्यांच्या पँटच्या दुमडीतून ते सांडायचे,
प्लॅस्टिकचे, साबुदाण्यासारखे.
आईच्या कोंबड्यांनी गिळले.
कोंबड्यांना काही झालं नाही, बाबा म्हणायचे.
आई म्हणायची, झालंही असेल,
कोंबड्या सांगतात थोड्याच.

आन्येलोच्या अलीकडे टायर फुटलं,
एर्मिनिया पाइनेमाल यांच्या कुंपणापाशी.
त्यांनी आधी शेळ्या थांबवल्या, मग मला पाहिलं.
जॅक नातवाच्या गाडीत, नातू पाळीवर.
येईल तोवर बसा म्हणाल्या.
माते दिलं, कडू, दोघींना एकच नळी.
अंगणात पाण्याची टाकी, काळी, प्लॅस्टिकची.
टँकर मंगळवारी येतो.
कधी गुरुवारी.

"पेटीत काय?"
सवयीनं मी खेळ मांडला:
पेला, पाणी, चिमूटभर पूड, चमचा.
त्यांनी दोन बोटं बुडवली,
एकमेकांवर घासली. बराच वेळ.
मग म्हणाल्या,
"भिजवतं. पण भेटत नाही."

मी पान चार उघडलं नाही.

तेवढ्यात मांडणीवरच्या बशा किणकिणल्या.
शेळ्यांनी माना वर केल्या,
शेळ्यांनी माना खाली घातल्या.
भिंतीतल्या भेगेशेजारी पेन्सिलीनं तारखा होत्या,
वाढत्या मुलाची उंची नोंदवतात तशा.
आजची त्यांनी माझ्यासमोर लिहिली
आणि पेन्सिल पुन्हा केसांत खोचली.
दुभत्या गाईच्या लाथा गोड, म्हणतात.
दूध एकाच्या दारी आणि लाथ दुसऱ्याच्या,
याला काय म्हणतात, मला आठवेना.

नातू आला. इसाइआस. भुवयांत वाळू.
पोतं बघून ओळखीचं हसला:
"ही सांडली की फरशीवर आम्ही घसरगुंडी खेळतो.
गेल्या महिन्यात एकाचं मनगट मोडलं."
टायर बदलून दिलं. पैसे घेतले, मोजून घेतले.
मी हात धुवायला गेले तर आणखी निसरडे झाले.
"पाण्यानं नाही जात," तो म्हणाला, "मातीनं घासा."
घासले.

संध्याकाळी करार झाला. चाळीस टन,
अकरा टक्के सूट.
इंजिनियर रोनकाल्या म्हणाला,
चिनी माल याहून स्वस्त पडतो, पण तुम्ही जवळच्या.
कमिशनात मुलीच्या दातांना तार बसेल.
उभे राहून आम्ही हात मिळवले.
त्याचा हात माझ्या हातातून
जरा लवकरच सुटला.